सीमेवरचा श्रोता आणि घरातला रेडिओ

आपल्या समाजाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे देवस्थानांच्या सनदा, मठांच्या परंपरा, स्थलांतरांच्या हकिकती आणि जुन्या वतनांची दफ्तरे यांकडे लेखकाचे लक्ष प्रथम जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु माजघरातील फळीवर ठेवलेला रेडिओ हाही या इतिहासाचा एक साक्षीदार आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूत तर त्याची साक्ष विशेष मोलाची आहे. येथील कित्येक कुटुंबे घरात कोंकणी बोलतात, ग्रंथ व वृत्तपत्रे मराठीत वाचतात आणि कचेरीत व बाजारात कानडीने व्यवहार करतात. कुलदैवत मंगेशी, कवळे, म्हार्दोळ किंवा नागेशी येथे, उपजीविका बेळगावात आणि मुलेबाळे आता बंगळूर, पुणे वा परदेशात, अशी त्यांची स्थिती आहे. अशा कुटुंबाला आपल्या भाषेचा आवाज ऐकावयाचा असेल तर तो बहुधा कोणत्या तरी सीमेपलीकडूनच यावा लागतो.

अलीकडे वाय-फायवर चालणारा इंटरनेट-रेडिओ घेऊन घरी बसवावा काय, असा प्रश्न आमच्या उद्यमबागेत अधूनमधून निघतो. हा संच दिसावयास जुन्या रेडिओसारखाच असतो. परंतु तो आकाशातील लहरी पकडीत नाही. घरातल्या राउटरमधून तो इंटरनेटला जोडला जातो आणि जगातील हजारो केंद्रांपैकी हवे ते ऐकवितो. त्याची निवड कशी करावी आणि तो कसा बसवावा हे सांगणे कठीण नाही. परंतु या भागातील रेडिओचा पूर्वेतिहास ठाऊक असल्यावाचून त्यापासून आपणांस काय मिळते आणि काय गमावावे लागते, याचा नीट हिशेब लागत नाही. म्हणून प्रथम थोडे मागे जाऊ.

परवान्याचे दिवस

हिंदुस्थानात नियमित ध्वनिक्षेपणाचा आरंभ २३ जुलै १९२७ रोजी मुंबईस झाला. त्या दिवशी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्‌घाटन झाले. ही खाजगी कंपनी तीन वर्षेही टिकली नाही. १९३० साली ती बुडाली व ध्वनिक्षेपणाचे काम सरकारने हाती घेतले. ८ जून १९३६ रोजी या सरकारी खात्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. ‘आकाशवाणी’ या नावाची कथा मात्र निराळी आहे. म्हैसूरचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरातून एक लहानसे केंद्र चालविण्यास आरंभ केला. या घरगुती केंद्राचे नाव पुढे साऱ्या देशाच्या ध्वनिक्षेपणास लाभले, ही गोष्ट आम्हां कर्नाटकवासीयांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्या काळी बेळगाव मुंबई इलाख्यात होते. येथे रेडिओ घेणे ही श्रीमंतीची बाब असे. व्हॉल्व्हचा जड संच, छपरावर किंवा अंगणात दोन खांबांना बांधलेली एरियल, जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार आणि वीज, एवढे सारे जमले तरच घरात आवाज येई. शिवाय दरसाल परवाना घ्यावा लागे. टपाल कचेरीत पैसे भरून परवान्याचे पुस्तक आणावयाचे आणि ते जपून ठेवावयाचे, हा क्रम पुढे कित्येक दशके चालला. १९८०च्या दशकात तो संपला. कोणत्या घरात रेडिओ आहे हे त्या पुस्तकामुळे सरकारास ठाऊक असे. मात्र त्या घरातला मनुष्य रात्री काटा कोणत्या केंद्रावर नेतो, हे सरकारास कळण्याचा मार्ग नव्हता. या भेदाकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

स्वातंत्र्यानंतर जवळपास नवी केंद्रे निघाली. ८ जानेवारी १९५० रोजी धारवाडचे केंद्र सुरू झाले. तेथे पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारखे थोर गायक संगीताचे सल्लागार होते. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्याचे केंद्र निघाले आणि १९६३ साली सांगलीचे. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. कचेऱ्यांची भाषा बदलली, शाळांपुढे नवे प्रश्न उभे राहिले, लोकांची मने दुखावली. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस एवढेच नमूद करावयाचे आहे की, रेडिओच्या काट्याला राज्यपुनर्रचना लागू झाली नाही. दिवसा धारवाडची कानडी बातमीपत्रे स्पष्ट ऐकू येत. सूर्यास्तानंतर, ज्या थरात मध्यमलहरी दिवसा विरून जातात तो वातावरणातील थर नाहीसा झाला म्हणजे दूरच्या केंद्रांचे आवाजही येऊ लागत. एकाच घरात आजोबा पुण्याची मराठी कीर्तने व शास्त्रीय गायन ऐकत आणि नातू धारवाडची कानडी नाटके ऐके.

देवळाशी आणि भजनाशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीस, म्हणजे हार्मोनियमला, आपल्या केंद्रांवर बंदी केली. तिच्या ठरीव स्वरांत आपल्या संगीतातील श्रुती बसत नाहीत, असा आक्षेप होता. १९७१ च्या सुमारास ही बंदी अंशतः उठली. बेळगाव हे तर पेटीवादनाचे एक मोठे पीठ. पंडित रामभाऊ विजापुरे यांनी येथे १९३८ साली संगीत विद्यालय स्थापून असंख्य शिष्य घडविले. ज्या वाद्यावाचून आमच्या देवळातील भजन उभे राहत नव्हते, ते वाद्य तीन दशके रेडिओच्या दारात थांबले होते. आवाजाचे साधन ज्याच्या हाती, त्याच्या आवडीनिवडीप्रमाणे काय ऐकू यावे हे ठरते, हा धडा त्या काळी अनेकांना मिळाला.

याच रेडिओने आमच्या समाजाला दिले तेही थोडे नाही. मंगेशीच्या देवळाशी ज्यांच्या घराण्याचा संबंध, त्या पंडित जितेंद्र अभिषेकींनी तरुणपणी मुंबई केंद्राच्या कोंकणी विभागात काम केले व कोंकणी गीतांना चाली लावल्या. बोरी गावचे बाळकृष्ण भगवंत बोरकर, म्हणजे आपले बाकीबाब, १९५५ पासून आकाशवाणीच्या सेवेत होते. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात ‘गीतरामायण’ प्रक्षेपित झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते व सुधीर फडक्यांच्या चाली यांनी महाराष्ट्र वेडावला. या उपक्रमामागे पुणे केंद्रावरील ज्या अधिकाऱ्याची कल्पना व आग्रह होता ते सीताकांत लाड हे गोमंतकीय होते. गीत ऐकण्यापूर्वी रेडिओपुढे उदबत्ती लावीत व त्यास हार घालीत, अशा आठवणी जुनी माणसे अजून सांगतात. काही काळ तो संच देवघराचाच एक भाग झाला होता, असे म्हटले तरी चालेल.

रानातून आलेला आवाज

परंतु या भागातील रेडिओच्या इतिहासाचे सर्वांत तेजस्वी पान ना पुण्यास लिहिले गेले, ना धारवाडास. ते सह्याद्रीच्या रानात लिहिले गेले.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. अनेक जण हुतात्मा झाले. त्यानंतर सीमा बंद झाली, आगगाडीची वाहतूक थांबली. बेळगावात राहणाऱ्या मनुष्याला आपल्या कुलदेवतेच्या जत्रेस जाणे दुरापास्त झाले. गोव्यात वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते, आणि ध्वनिक्षेपण पोर्तुगीज सरकारच्या ‘एमिसोरा दे गोवा’ या १९४६ साली निघालेल्या केंद्राच्या हाती होते. माणूस जाऊ शकत नव्हता, पत्र जाऊ शकत नव्हते. जाऊ शकत होती ती केवळ ध्वनिलहर.

अशा वेळी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ या भूमिगत केंद्राचा पहिला कार्यक्रम झाला. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव ‘व्होज द लिबर्दाद’ असे होते. वामन सरदेसाई व लिबिया लोबो हे दोघे तरुण त्याचे प्राण होते. प्रथम आंबोलीच्या घाटातील रानात आणि पुढे कॅसलरॉकच्या बाजूला, गोव्याच्या सीमेला खेटून, हे केंद्र चालले. ज्यांनी आंबोलीचा पावसाळा पाहिला आहे त्यांना त्या रानात वर्षानुवर्षे यंत्रे कोरडी ठेवून रोज वेळेवर बोलणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. कार्यक्रम कोंकणी व पोर्तुगीज या दोन भाषांत होत. कोंकणी जनतेसाठी, तर पोर्तुगीज राज्यकर्त्यांना व त्यांच्या शिपायांना उद्देशून. सरकारी प्रचाराचे खंडन, जगातील वसाहतींच्या स्वातंत्र्यलढ्यांच्या वार्ता आणि गोवेकरांना धीर देणारी भाषणे, असा त्यांचा ऐवज असे.

सहा वर्षांहून अधिक काळ हे व्रत चालले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याची १७ वी डिव्हिजन बेळगावात जमू लागली. १८ डिसेंबर रोजी वायुदलाच्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले, आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. तेव्हा सरदेसाई व लोबो यांनी विमानातून गोव्यावर फिरत कोंकणी व पोर्तुगीज भाषांत ती वार्ता ध्वनिक्षेपकावरून पुकारली. जो आवाज सहा वर्षे रानातून येत होता तो आकाशातून उतरला. पुढे ही दोघे विवाहबद्ध झाली. वामन सरदेसाईंना १९९२ साली पद्मश्री मिळाली, आणि लिबिया लोबो सरदेसाई यांना तोच सन्मान वयाची शंभर वर्षे उलटल्यावर, २०२५ साली जाहीर झाला. १९६२ च्या जानेवारीत पणजीचे केंद्र आकाशवाणीचा भाग म्हणून बोलू लागले.

आमची उद्यमबाग खानापूरच्या रस्त्यालगत आहे. येथून तो रस्ता व तिसऱ्या रेल्वे गेटावरून जाणारा लोहमार्ग, दोन्ही लोंढ्याच्या दिशेने जातात, आणि लोंढ्याच्या पलीकडे कॅसलरॉक लागते. ज्या बाजूला आज आमच्या फौंड्रीतले ओतीव भाग मालमोटारीतून रवाना होतात, त्याच बाजूच्या रानातून एके काळी हा आवाज निघत होता. तो ऐकणाऱ्या गोव्यातील श्रोत्याला एक मोठे अभय होते. दारे-खिडक्या लावून, आवाज बारीक करून, संचाला कान लावून तो ऐके. आणि तो ऐकतो आहे हे ना बोलणाऱ्याला कळत होते, ना राज्यकर्त्याला. लहरीच्या मार्गावर श्रोत्याच्या पाऊलखुणा उमटत नाहीत. त्या केंद्राचे सामर्थ्य जितके त्याच्या निवेदकांच्या धैर्यात होते, तितकेच या गुप्ततेतही होते.

लहरीकडून तारेकडे

पुढचा प्रवास वाचकांच्या परिचयाचा आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ माजघरातून शेताच्या बांधावर, न्हाव्याच्या दुकानात व यंत्रशाळेच्या कोपऱ्यात गेला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती निघाली. मग दूरदर्शन आले व रेडिओची फळी ओकी पडू लागली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला, आणि २००१ पासून खाजगी एफएम केंद्रे निघाली. एफएमचा आवाज स्वच्छ, पण त्याची धाव शहरापुरती. घाटापलीकडचा आवाज आणण्याचे काम त्याच्याने होत नाही.

इंटरनेटवरून रेडिओ ऐकविण्याची कल्पना अमेरिकेत निघाली. १९९३ साली कार्ल मालमुद यांनी इंटरनेटवर बोलका कार्यक्रम सुरू केला आणि ७ नोव्हेंबर १९९४ रोजी चॅपेल हिल येथील विद्यापीठाच्या डब्ल्यूएक्सवायसी या केंद्राने आपले चालू प्रक्षेपण इंटरनेटवर सोडले. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. संगणकावाचून चालणारा असा रेडिओ २००० साली ‘केरबँगो’ या नावाने जाहीर झाला. थ्रीकॉम या मोठ्या कंपनीने तो उद्योग विकत घेतला, आणि २००१ साली संच बाजारात येण्यापूर्वीच ते काम बंद केले. घरोघर वाय-फाय आल्यावर मात्र अशा संचांना दिवस आले.

येथे एक मौज पाहावी. वाय-फाय ज्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते तो भारत सरकारने २००५ साली परवानामुक्त केला. ज्या घरात एके काळी नुसते ऐकण्यासाठी टपाल कचेरीचा परवाना लागे, त्याच घरात आज राउटर नावाचे एक लहानसे प्रक्षेपण-यंत्र अहोरात्र चालू असते, आणि त्यास कोणी परवाना विचारीत नाही.

संच घरी बसविताना

आता प्रत्यक्ष बसविण्याचे सांगतो. संच घेण्यापूर्वी घरातील राउटर कोठे आहे ते पाहावे. उद्यमबागेत कित्येकांचे घर व कारखान्याची शेड लगत असते. पत्रा ही वाय-फायची मोठी अडचण. पत्र्याच्या भिंतीआड लहर जवळजवळ पोचत नाही, आणि दगडी जाड भिंतीतही ती क्षीण होते. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवावा व संच आणि राउटर यांच्यामध्ये लोखंडी कपाट येऊ देऊ नये. उलटपक्षी एक लाभही आहे. वेल्डिंगची ठिणगी, मोठ्या मोटारी व स्विच यांच्यामुळे मध्यमलहरींच्या रेडिओत जी खरखर येते व जिने औद्योगिक वसाहतीतील श्रोते नेहमीच हैराण असत, ती या संचात औषधालाही सापडत नाही.

संच चालू केला की तो जवळच्या वाय-फायांची नावे दाखवितो. आपले नाव निवडून परवलीचा शब्द भरावा. बहुतेक संचांत खुंटी फिरवून एकेक अक्षर निवडावे लागते. लहान-मोठी अक्षरे तंतोतंत जुळली पाहिजेत. अनेक संच २.४ गिगाहर्ट्‌झचाच पट्टा ओळखतात. राउटर केवळ ५ गिगाहर्ट्‌झवर लावलेला असेल तर आपले नाव यादीत दिसणारच नाही. अशा वेळी संचास दोष न देता राउटरवर दुसरा पट्टाही चालू करावा. एकदा जोडणी झाली की संच ती ध्यानात ठेवतो. मग देश, भाषा वा विषय यांप्रमाणे केंद्रांची सूची उघडते. रोज लागणारी पाच-सहा केंद्रे बटणांवर बसवून द्यावी, म्हणजे वृद्धांना सूचीच्या रानात हिंडावे लागत नाही.

खर्चाचा अंदाज असा. सेकंदाला १२८ किलोबिटचा प्रवाह तासाला सुमारे ५८ मेगाबाइट खर्च करतो. रोज दोन तास ऐकले तर महिन्याला साडेतीन गिगाबाइटच्या आसपास लागतात. घरात ब्रॉडबँड असेल तर हे ओझे नगण्य आहे. वीज गेली की राउटर बंद पडतो व त्याबरोबर रेडिओही मुका होतो, म्हणून राउटरला इन्व्हर्टरचा आधार द्यावा. आणखी एक सूचना: संच आवाजाचा थोडा साठा करून मगच ऐकवितो, त्यामुळे तो प्रत्यक्ष वेळेपेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही, मागे असतो. तेव्हा याच्या ठोक्यांवर घड्याळ लावू नये, आणि मुहूर्ताची घटका तर मुळीच पाहू नये.

हे सारे मोबाईलवर होते, मग वेगळा संच कशाला, असे तरुण मंडळी विचारतील. त्याचे उत्तर सोपे आहे. मोबाईल माणसाचा असतो, रेडिओ घराचा असतो. मोबाईल धन्याबरोबर कामावर जातो. रेडिओ फळीवर राहतो आणि जो घरी असेल त्या सर्वांना एकदम ऐकवितो. आजीने लावलेले कोंकणी बातमीपत्र नातवाच्या कानावर पडते, ते त्याने मागितलेले नसते म्हणूनच. भाषा मुलांच्या कानांत अशीच शिरते. सीमाभागात घरातली कोंकणी आणि पुस्तकातली मराठी, या दोहोंवर आज इंग्रजी शाळेचे दडपण आहे. अशा वेळी ओट्यावर पीठ मळताना ऐकू येणारा आपल्या भाषेचा आवाज ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

किल्ली कोणाच्या हाती?

परंतु या संचाची एक खोच वाचकांनी नीट समजून घ्यावी. जुन्या रेडिओत केंद्र आणि श्रोता यांच्यामध्ये तिसरा कोणी नसे. केंद्र बोले, लहर येई, काटा ती पकडी. इंटरनेट-रेडिओला मात्र केंद्रांचे पत्ते स्वतः ठाऊक नसतात. दूरदेशीची एखादी कंपनी पत्त्यांची सूची राखते आणि संच दर वेळी तिलाच विचारतो. ती सूची बंद पडली तर केंद्रे बोलत असूनही संचास ती सापडत नाहीत. हे केवळ तर्काने म्हणत नाही. ‘रेसिव्हा’ नावाची अशी एक सूची २०२१ च्या एप्रिलअखेर बंद झाली. तिच्यावर अवलंबून असलेले निरनिराळ्या कंपन्यांचे संच जगभर अडचणीत आले. यंत्र शाबूत, आवाज शाबूत, आणि मधली किल्ली हरवलेली. २०२३ साली बीबीसीने आपल्या प्रवाहाची जुनी पद्धत बंद केली, तेव्हाही कित्येक जुने संच त्या केंद्रापुरते मुके झाले.

आपल्या आकाशवाणीच्या बाबतीतही असाच एक पेच आहे. पणजी, धारवाड, सांगली, पुणे अशा केंद्रांचे कार्यक्रम प्रसार भारती आपल्या ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवरून ऐकविते, ही फार मोठी सोय झाली आहे. तथापि ते प्रवाह ज्या नव्या पद्धतीने पाठविले जातात ती पद्धत काही जुन्या वा स्वस्त संचांना उमगत नाही. म्हणून संच विकत घेताना दुकानातच पणजी केंद्र लावून पाहावे. लंडन व न्यूयॉर्क लागले आणि पणजी लागले नाही, तर आमच्या दृष्टीने तो संच निरुपयोगी होय.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. परवान्याच्या काळी सरकारला संच कोणाकडे आहे ते कळे, पण तो काय ऐकतो ते कळत नसे. कॅसलरॉकच्या रानातील केंद्राचा श्रोता तर कोणालाच दिसत नव्हता. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोता केंद्राकडे जणू आपला पत्ता देऊनच ऐकावयास बसतो. कोठून, किती वेळ व काय ऐकले याची नोंद होऊ शकते. आज आपण भजन व बातम्या ऐकतो, त्यात लपविण्याजोगे काही नाही, हे खरे. पण ज्या प्रदेशाने एकदा गुप्त श्रोत्याच्या बळावर स्वातंत्र्याचा आवाज ऐकला, त्याने तरी ऐकण्याच्या एकांताची किंमत विसरू नये.

म्हणून आमचे सांगणे नव्या संचाकडे पाठ फिरवावी असे नाही. तो घ्यावा, हौसेने बसवावा. फक्त त्याचे धनीपण आपल्याकडे राहील इतकी काळजी घ्यावी. त्यास तीन उपाय आहेत. ज्यात केंद्राचा पत्ता आपल्या हाताने भरता येतो असा संच घ्यावा. आपल्या आवडीच्या केंद्रांच्या प्रवाहांचे पत्ते वहीत लिहून ठेवावे. जुन्या घरांतून परवान्याचे पुस्तक जसे जपून ठेवीत, तशी ही वही जपावी. आणि मध्यमलहरी व एफएमचा एक साधा ट्रान्झिस्टर घरात असू द्यावा. महापूर आला, वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले, तरी दोन सेलांवर तो बोलतो. आकाशवाणीने अलीकडे आपली अनेक जुनी प्रक्षेपण-यंत्रे निवृत्त केली आहेत. जी उरली आहेत त्यांचे श्रोते घटले तर तीही जातील, हे ओळखून तो संच अधूनमधून लावावा.

हे काम एकेका घरावर सोडण्यापेक्षा देवस्थान समित्यांनी व समाजमंदिरांनी अंगावर घ्यावे, अशी आमची सूचना आहे. पुष्कळ देवस्थाने आता उत्सवाचे दर्शन इंटरनेटवर घडवितात. त्याबरोबरच कोंकणी व मराठी केंद्रांच्या चालू पत्त्यांची एक यादी समाजमंदिराच्या फलकावर लावली व वर्षप्रतिपदेस ती तपासून नवी केली, तर खर्च काहीच नाही. उद्यमबागेत १९७९ पासून गोगटे तंत्रशिक्षण संस्था आहे, कारखान्यांतून कुशल तरुण आहेत. एखाद्या रविवारी त्यांतील दोघा-चौघांनी घरोघर जाऊन ज्येष्ठांचे संच लावून द्यावे. हे काम अर्ध्या तासाचे असले, तरी ज्याच्या घरी दिवसभर दुसरा आवाज नाही त्याला त्याचे मोल विचारावे.

कधी मुंबई, कधी पुणे, कधी रानातले एक भूमिगत केंद्र, असे दूरचे आवाज ऐकत सीमाभागातील आमच्या तीन पिढ्या वाढल्या. त्यांतला प्रत्येक आवाज कोणीतरी कष्टाने पाठविला होता आणि कोणीतरी लक्ष देऊन ऐकला होता. पाठविणारे आजही आहेत. ऐकण्याची आपली बाजू आपण सांभाळावी, एवढेच.